तापलेले एंजिन आणि तांबडा दिवा : मोटारगाडीतील निदानपद्धतीचा ऐतिहासिक विचार

मोटारगाडीचा इतिहास बहुधा वेग, अश्वशक्ती, शर्यती आणि कारखाने ह्यांच्या अंगाने सांगितला जातो. गाडी कशी चालू लागली ह्याचे वृत्त त्यामुळे पुष्कळ तपशिलाने मिळते. ती वाटेत का थांबते, आणि थांबण्याचे कारण मनुष्याने कसकसे ओळखले, ह्याकडे तितकेसे लक्ष जात नाही. वस्तुतः यंत्राविषयीचे ज्ञान समाजात कोणाकडे होते आणि कालांतराने ते कोणाकडे गेले, हे समजून घेण्यास यंत्राचा बिघाड हे अधिक चांगले साधन ठरते. प्रस्तुत निबंधात अशा एकाच बिघाडाचा, म्हणजे एंजिन अतितप्त होण्याचा आणि त्याची सूचना देणाऱ्या साधनांचा विचार केला आहे.

चालकापुढील फलकावर तांबडा दिवा लागतो तेव्हा तो नेमके काय सांगतो? एंजिनातील शीतक-द्रवाचे तपमान एका विशिष्ट ठिकाणी एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले आहे, एवढेच तो सांगतो. पाणी गळून गेले, पंखा थांबला, पंप निकामी झाला, थर्मोस्टॅट अडकला, रेडिएटर गाळाने भरला, हेड गॅस्केट फुटले किंवा दिव्याची तारच कोठे तरी लोखंडाला चिकटली, ह्यांपैकी काय घडले ते तो सांगत नाही. दिव्याचे हे मौन आकस्मिक नाही. सुमारे सव्वाशे वर्षांत शीतनाची रचना जसजशी बंदिस्त होत गेली, तसतशी उष्णतेची प्रत्यक्ष चिन्हे चालकाच्या इंद्रियांपासून दूर गेली, आणि त्यांची जागा मध्यस्थ साधनांनी घेतली. प्रत्येक नव्या साधनाने चालकाचे अवधान वाचविले. परंतु प्रत्येकाने पुराव्याचा काही भागही गाळून टाकला. हा गाळलेला भाग कोणता, हे जाणणे म्हणजेच निदान जाणणे होय.

१. पाण्याचा व्यय हाच पुरावा

अंतर्ज्वलन एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी, स्थूल मानाने, एक तृतीयांश भागाचे उपयुक्त कार्यात रूपांतर होते, एक तृतीयांश भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढावा लागतो. ज्वलनाच्या क्षणी वायूंचे तपमान २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. उलट ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. तेव्हा शीतन ही एंजिनाची गौण सोय नसून त्याच्या अस्तित्वाचीच अट आहे.

कार्ल बेन्झ ह्याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला, तिच्यात ही अट अगदी साध्या रीतीने पुरी केली होती. सिलिंडरभोवती पाणी खेळवावे, ते उकळू द्यावे, आणि वाफ हवेत जाऊ द्यावी. एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करण्यास २२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेआठ पट लागते. उकळणे हा ह्या व्यवस्थेतील दोष नव्हता. उष्णता बाहेर टाकण्याचा तोच मार्ग होता. मात्र त्यासाठी पाणी सतत खर्ची पडे.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ हिने ओयगेन व रिखार्ड ह्या आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंतचा सुमारे १०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा प्रवास ह्याच प्रकारच्या गाडीने केला. वाटेत वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी, परंतु येथे अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की पाण्यासाठी तिला वारंवार थांबावे लागले. ह्या थांबण्यात निदानाचे सर्व साहित्य एकवटलेले होते. पाणी किती उरले हे डोळ्यांना दिसे, ते उकळते आहे हे कानांना ऐकू येई, आणि ते किती वेगाने संपते ह्यावरून एंजिनावरचा भार कळे. चिन्ह आणि कारण ह्यांमध्ये कोणतेही मध्यस्थ साधन नव्हते. चालक, यांत्रिक आणि निदानकर्ता ह्या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या.

२. रेडिएटर आणि झाकणावरील तापमापक

ही अवस्था फार काळ टिकणे शक्य नव्हते. एंजिनाची शक्ती वाढली की उकळून जाणाऱ्या पाण्याचे ओझे गाडीला न पेलणारे होते. व्हिल्हेल्म मायबाख ह्याने डाइमलर कारखान्यासाठी १९००च्या अखेरीस सिद्ध केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. सहा मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडून तो तयार केलेला होता. नळ्यांमधून हवा व त्यांच्याभोवती पाणी अशी योजना असल्याने हवेशी येणारा संपर्क कमालीचा वाढला आणि पाण्याची गरज पूर्वीच्या १८ लिटरांवरून ९ लिटरांवर आली. तेच पाणी आता पुनःपुन्हा फिरू लागले.

ह्या बदलाचा निदानाच्या दृष्टीने झालेला परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. पूर्वी पाण्याचा व्यय ही नित्याची गोष्ट होती. आता ती रोगाची खूण झाली. उकळणे हे पूर्वी कार्य होते. आता तो अपघात ठरला. एकच चिन्ह नव्या रचनेत नेमका उलटा अर्थ धारण करू लागले. जुन्या गाडीवर शिकलेल्या चालकास नवी गाडी समजण्यास अडचण का पडावी, ह्याचे उत्तर येथे आहे.

अभिसरणाच्याही दोन पद्धती रूढ झाल्या. फोर्डच्या १९०८च्या मॉडेल टी गाडीत पहिल्या सुमारे अडीच हजार नगांपर्यंत पाण्याचा पंप होता; पुढे तो काढून टाकण्यात आला आणि तापलेले पाणी हलके होऊन वर चढते ह्या नैसर्गिक तत्त्वावरच भिस्त ठेवण्यात आली. ह्या पद्धतीत पाण्याची पातळी रेडिएटरच्या वरच्या नळीच्या खाली गेली की प्रवाहाची साखळीच तुटते. रेडिएटरमध्ये पाणी दिसत असते, तरी ते फिरत नसते. पाणी आहे म्हणून शीतन आहे, हा भोळा समज तेव्हापासून अनेकांना महाग पडलेला आहे.

पाणी दिसेनासे झाल्यावर त्याची उष्णता मोजण्याची गरज भासू लागली. १९१२च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस ह्याच्या नावाने एकस्व घेतलेले ‘मोटोमीटर’ हे साधन प्रचारात आले. रेडिएटरच्या झाकणावर उभा बसविलेला, धातूच्या वर्तुळात जडविलेला हा काचेचा तापमापक चालकाला आपल्या आसनावरून दिसे. आतील तांबड्या द्रवाची रेषा वर चढली की एंजिन तापले असे समजावे. १९२०च्या दशकात हे साधन अमेरिकेत इतके रूढ झाले की पुष्कळ गाड्यांच्या अग्रभागाचे ते भूषणच बनले.

तथापि मोटोमीटर जे मोजीत होता ते एंजिनाचे तपमान नव्हते, आणि काटेकोरपणे बोलायचे तर पाण्याचेही नव्हते. त्याचा फुगा रेडिएटरच्या वरच्या टाकीत, पाण्याच्या पृष्ठभागाच्या वरील वाफेत असे. पाणी नीट फिरत असताना वाफेचे तपमान पाण्याचे खरे प्रतिनिधित्व करी. पण पाणी गळून अभिसरण थांबले की सिलिंडरभोवतीचे पाणी उकळत असतानाही झाकणापाशी उष्णता उशिराने पोचे. सर्वांत गंभीर प्रसंगी साधनाची साक्ष सर्वांत दुबळी व्हावी, हा विरोधाभास येथे प्रथम स्पष्टपणे आढळतो. आणि पुढील सर्व साधनांमध्ये तो वेगवेगळ्या रूपांनी टिकून राहिला आहे.

३. बंदिस्त शीतन आणि फलकावरील काटा

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तापमापक झाकणावरून उतरून चालकापुढील फलकावर आला. आरंभीच्या अशा मापकांत एंजिनात बसविलेल्या छोट्या कुपीत ईथरसारखा बाष्पनशील द्रव असे. त्याच्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक नळीतून फलकापर्यंत पोचे आणि तेथील वक्र नळीला किंचित सरळ करून काटा हलवी. युजेन बूर्दों ह्या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ मध्ये वाफेच्या एंजिनांसाठी योजिलेल्या दाबमापकाचेच हे तत्त्व होय. त्यानंतर विजेवर चालणारे मापक आले.

ह्याच सुमारास शीतनव्यवस्था अधिकाधिक बंदिस्त होत गेली. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्ने ह्याने मेणाच्या प्रसरणावर चालणारा थर्मोस्टॅट सिद्ध केला. ठरावीक तपमानाला, आधुनिक गाड्यांत सामान्यतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, आतील मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जातच नाही. पुढे दाब धरून ठेवणारे झाकण सार्वत्रिक झाले. वातावरणाहून एक बार अधिक दाब ठेवला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. त्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असेल तर त्याहूनही वर.

दाबाच्या ह्या उपयोगाने एंजिनाला मोठी सवलत मिळाली. परंतु अतितप्त गाडीपाशी उभ्या असलेल्या मनुष्याचा धोकाही वाढला. ११५ अंशांना दाबाखाली शांत दिसणारे पाणी झाकण काढताच त्या तपमानाला द्रवरूपात राहू शकत नाही. सहा लिटर पाण्यापैकी जेमतेम तीन टक्क्यांची त्या क्षणी वाफ होते. पण वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १६०० पट असल्याने तेवढ्याने जवळजवळ २८० लिटर वाफ निर्माण होते आणि ती उरलेले उकळते पाणी उसळवून बाहेर फेकते. उघड्या टाकीच्या काळात पाणी पाहण्यासाठी झाकण उघडणे ही निदानाची पहिली पायरी होती. दाबाच्या झाकणानंतर तीच पायरी चेहरा व हात भाजण्याचे कारण ठरली. जुनी सवय नव्या यंत्राला लावण्याचे परिणाम इतके शब्दशः दाहक क्वचितच असतात. गाडी पुरती निवेपर्यंत झाकणास हात लावू नये, हा नियम म्हणूनच बंदिस्त शीतनाच्या इतिहासाचा अपरिहार्य भाग होय.

४. काट्याकडून दिव्याकडे

फलकावरील काट्याची जागा दिव्याने घेण्याचा आरंभ १९३०च्या दशकात हडसन ह्या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांत झाला. प्रथम तेलाचा दाब व विद्युतजनित्र ह्यांसाठी दिवे आले. महायुद्धानंतरच्या दोन दशकांत तपमानासाठीही दिवे बसविण्याचा प्रघात अमेरिकेत व अन्यत्र पसरला. त्यामागील यंत्रणा अत्यंत सोपी होती. एंजिनाच्या पाण्यात बुडालेली द्विधातू पट्टी ठरावीक तपमानाला वाकते, विद्युत्‌मंडल पुरे होते आणि दिवा लागतो. मापकापेक्षा हे स्वस्त पडे, ह्यात शंका नाही.

अमेरिकन बोलीत ह्या दिव्याला ‘इडियट लाइट’, म्हणजे मूर्खांसाठीचा दिवा, असे हेटाळणीचे नाव पडले. यंत्र जाणणारा चालक काटा वाचतो आणि न जाणणाऱ्याला दिवा लागतो, असा त्याचा भाव. हे नाव अन्यायाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वैमानिकांच्या उपकरणवाचनातील चुकांचा अभ्यास झाला. पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स ह्यांनी १९४७ मध्ये अशा २७० प्रसंगांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. कसलेली, प्रशिक्षित माणसेही काटे चुकीचे वाचतात किंवा वेळेवर वाचतच नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले. चालकाची दृष्टी रस्त्यावर असणे इष्ट असेल, तर त्याची नजर स्वतःकडे ओढून घेणारे चिन्ह काट्यापेक्षा श्रेष्ठ ठरते. दिव्याचा दोष तो अज्ञ माणसासाठी आहे हा नाही. त्याचा खरा दोष असा की तो कालक्रम गाळतो. काटा दहा मिनिटांत हळूहळू चढला की एका मिनिटात उसळला, चढावर वाढून उतारावर खाली आला की सपाटीवरही तसाच राहिला, ह्या क्रमात बिघाडाच्या कारणाचा मोठा भाग दडलेला असतो. दिव्यापाशी ‘नाही’ आणि ‘आहे’ अशी दोनच विधाने असतात. मधली सारी कथा तो सांगत नाही.

फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचे उदाहरण ह्या संदर्भात उद्बोधक आहे. तिचे एंजिन हवेने निवविले जाई. पाणी नसल्याने पाण्याचा मापकही नव्हता. शीतनाचा पंखा विद्युतजनित्राच्याच दांड्यावर बसविलेला असून दोन्ही एका पट्ट्यावर फिरत. पट्टा तुटला तर जनित्र थांबे आणि तांबडा दिवा लागे. दिव्याचे नाते कागदोपत्री विजेशी होते. प्रत्यक्षात मात्र एंजिनावर वाहणारा वारा बंद झाल्याचीही ती सूचना असे. हा दिवा विजेचा आहे, विजेवाचून काही मैल जाता येईल, असे समजून जो चालक पुढे जाई तो एंजिनास मुके. येथे दिवा खोटे बोलत नव्हता. रचना ठाऊक नसलेल्याला त्याचे विधान अपुरे समजत होते, इतकेच.

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या गाड्यांतही हा संबंध लागू होता. उत्तरपाडा येथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडर आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात निघणाऱ्या फियाट ११०० ह्या वंशातील गाड्या पाण्याने निवविल्या जात. परंतु त्यांतही पंखा, पाण्याचा पंप आणि जनित्र ह्यांना एकाच पट्ट्याची गती मिळे. चार्जिंगचा दिवा आणि त्यापाठोपाठ चढणारे तपमान अशी जोडी दिसली की गॅरेजमधील मिस्त्री बॉनेट उघडताच प्रथम पट्टा पाही. दोन स्वतंत्र चिन्हांचे एकच कारण शोधण्याची ही रीत कोणत्याही ग्रंथातून आलेली नव्हती.

५. परिस्थितीची साक्ष

दिवा कालक्रम सांगत नसेल तर तो परिस्थितीतून पुन्हा उभा करावा लागतो. निदानाची परंपरागत पद्धत म्हणजे ही पुनर्रचनाच होय. गाडी केव्हा तापली, हा तिचा पहिला प्रश्न. गर्दीत, मंद गतीने चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच निवते, असे असेल तर संशय पंख्यावर जातो. कारण वेगात असताना हवा आपोआप मिळते, थांबलेल्या गाडीला ती पंख्यानेच मिळावी लागते. ह्याच्या उलट, उभी असताना ठीक आणि वेगात तापणारी गाडी असेल तर हवेची उणीव संभवत नाही. रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून कचऱ्याने भरला आहे, अथवा पाणी पुरेसे फिरत नाही, असे मानावे लागते.

वरची नळी अतिशय गरम आणि खालची थंड राहिली तर प्रवाह अडलेला आहे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. गाडीतील हीटर लावला असता गरम हवेऐवजी थंड हवा येऊ लागली तर पाणीच उरलेले नाही, असा तर्क करता येतो. पाणी वारंवार कमी होते पण गळती कोठे दिसत नाही, धुराड्यातून पांढरी वाफ निघते आणि तेल दुधट दिसते, ही त्रयी एकत्र आली की हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरात व तेलात शिरल्याचा निष्कर्ष जवळजवळ निश्चित होतो. ॲल्युमिनियमचे उष्णतेने होणारे प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट असल्याने, बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेली एंजिने एकदा अतितप्त झाली की हेड वाकून गॅस्केट निकामी होण्याचा संभव फार. येथे अतितपन हे कारण आणि कार्य दोन्ही होऊन बसते. गॅस्केट फुटल्यामुळे एंजिन तापले की तापल्यामुळे गॅस्केट फुटले, हा पौर्वापर्याचा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये.

महाराष्ट्रात ह्या निदानविद्येची मोठी पाठशाळा घाटरस्त्यांवर भरत असे. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये चाकांच्या वाहतुकीस खुला झाला, तेव्हा मोटारगाडीची कल्पनाही नव्हती. ह्या चढावर मोटारीला खालच्या गिअरमध्ये एंजिन जोराने फिरवावे लागते. उष्णता भरपूर निर्माण होते आणि वेग अल्प असल्याने समोरून येणारी हवा थोडी. पाठीमागून वारा असेल तर तीही नाही. शिवाय उंचीबरोबर वातावरणाचा दाब घटत असल्याने उघड्या शीतनव्यवस्थेतील पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरासारख्या सुमारे १३७० मीटर उंचीच्या ठिकाणी ते साधारण साडेपंचाण्णव अंशांनाच उकळू लागते. बॉनेट वर करून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या आणि पाण्याचे डबे हे घाटातील परिचित दृश्य होते. मात्र चढावर तापलेली प्रत्येक गाडी बिघडलेली नसे. सपाटीवर पुरेसे असलेले शीतन चढावर अपुरे पडले, एवढाच त्याचा अर्थ असू शके. विश्रांतीने बरा होणारा ताप आणि दुरुस्तीवाचून न जाणारा ताप ह्यांतील भेद ओळखणे, हे निदानाचे मर्म. त्यात घाई करून तापलेल्या बिडावर एकदम थंड पाणी ओतणारा चालक किरकोळ कारणाने थांबलेल्या एंजिनास कायमचा तडा पाडी.

६. विद्युतकीय साक्षीदार

१९८३ च्या अखेरीस भारतात आलेल्या मारुती ८०० गाडीत एंजिन आडवे बसविलेले असून रेडिएटरचा पंखा विजेच्या स्वतंत्र मोटारीवर चालत होता. ह्या रचनेच्या प्रसाराबरोबर पट्टा आणि पंखा ह्यांचे जुने नाते तुटले. पट्टा शाबूत असूनही फ्यूज, रिले किंवा तपमानाचा स्विच ह्यांतील दोषाने पंखा बंद राहू शके. जुन्या मिस्त्रीचा हात प्रथम पट्ट्याकडे जाई; नव्याला विजेचे मंडल तपासावे लागे. ज्ञान नष्ट झाले नाही, पण त्याचे स्थान बदलले.

पुढची पायरी संगणकाची. कॅलिफोर्नियात १९८८च्या गाड्यांपासून गाडीतच स्वयंनिदानाची व्यवस्था आवश्यक झाली. १९९६पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना तिची प्रमाणित दुसरी आवृत्ती लागू झाली, आणि भारतातही भारत स्टेज मानकांबरोबर ती आली. आता पाण्याचे तपमान थर्मिस्टर मोजतो. तपमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. संगणक त्या रोधावरून अंश ठरवितो आणि मर्यादा ओलांडली की दिवा लावून ‘पी०२१७’ सारखा संकेतांक नोंदवून ठेवतो. हा संकेतांक यंत्राला जोडून वाचता येतो; त्यामुळे निदान आता यंत्रानेच केले, असा समज सहज पसरतो.

तो समज तपासून पाहणे आवश्यक आहे. ‘पी०२१७’चा अर्थ एंजिनाचे तपमान मर्यादेबाहेर गेले, एवढाच आहे. तांबडा दिवा जे सांगत होता तेच तो अंकांत सांगतो. थर्मिस्टरची तार तुटली तर रोध अमर्याद भासतो आणि संगणक एंजिन उणे ४० अंशांवर आहे असे मानतो. मुंबईच्या मे महिन्यात उणे ४० अंश हे विधान मनुष्याला तत्काळ असंभाव्य वाटेल. म्हणून आधुनिक संगणकांनाही अशा वाचनावर अविश्वास ठेवण्यास आणि पंखा चालू ठेवण्यास शिकवावे लागले आहे. आणखी एक गोष्ट मोटोमीटरची आठवण करून देणारी आहे. पाणी बरेचसे निघून गेले की थर्मिस्टर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत उघडा पडतो, आणि एंजिन जळत असताना मध्यम तपमान दाखवू शकतो. शंभर वर्षांपूर्वीचा विरोधाभास जसाच्या तसा कायम आहे.

काट्याचेही आज पुष्कळ ठिकाणी केवळ रूप उरले आहे. अनेक आधुनिक गाड्यांत काटा अशा रीतीने नियंत्रित केलेला असतो की तपमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात खालीवर झाले तरी तो मध्यावरून हलत नाही. क्षुल्लक चढउतारांनी चालकाने चिंतातुर होऊ नये हा त्यामागील हेतू. ज्याला काटा समजून मान दिला जातो तो वस्तुतः काट्याच्या वेषातील दिवाच असतो. कित्येक गाड्यांत तर काटा काढून टाकून थंडपणासाठी निळा आणि अतितापासाठी तांबडा असे दोन दिवेच ठेवलेले आहेत. हे निदान प्रामाणिक तरी म्हणावे लागेल.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. उघड्या पाण्यापासून संकेतांकापर्यंतच्या वाटचालीत सूचनेची साधने अधिक शीघ्र, अधिक स्वस्त आणि अधिक नजरेत भरणारी होत गेली. परंतु सूचना आणि निदान ह्यांतील अंतर कोणत्याही टप्प्यावर मिटले नाही. ते केवळ चालकाच्या दृष्टीआड गेले. बेर्टा बेन्झला जे डोळ्यांनी दिसत होते, त्यासाठी मोटोमीटरच्या काळात रेषा वाचावी लागली, दिव्याच्या काळात परिस्थिती आठवावी लागली, आणि संगणकाच्या काळात मूळ मापनाचीच पारख करावी लागते. ह्या क्रमात चालकाचे ज्ञान मिस्त्रीकडे, आणि मिस्त्रीचे काही अंशी उत्पादकाच्या संगणकप्रणालीकडे गेले. ज्याला तो संकेतांक वाचण्याचे यंत्र परवडत नाही अशा रस्त्याकडेच्या कारागिराचे स्थान त्यामुळे डळमळीत झाले आहे. तरीही नळ्यांना हात लावून, तेलाचा रंग पाहून आणि ‘गाडी नेमकी केव्हा तापली?’ असे विचारून तो जे निष्कर्ष काढतो, ते संकेतांकाला काढता येत नाहीत.

म्हणून तांबडा दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी, एंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये, ही सूचना जितकी व्यावहारिक तितकीच पद्धतिशास्त्रीय आहे. साक्षीदार ओरडल्याबरोबर धाव घेणे इष्ट नव्हे, आणि तो ओरडला नाही म्हणून सारे क्षेम आहे असे मानणेही इष्ट नव्हे. तो कोठे उभा होता, त्याला काय दिसू शकत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते, हे आधी ठरवावे लागते. अभिलेखागारात बसणाऱ्या संशोधकाला ही शिस्त परिचित असते; घाटातल्या एखाद्या मिस्त्रीने ती वेगळ्या शाळेत आत्मसात केलेली असते.